जन्मजात हृदयदोष असलेल्यांनी ॲपवरून व्यायाम करावा का?

शेवंती (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे व्यायामावर ढीगभर धागे आहेत. बायपासनंतर चालण्यावर तर तीन-चार आहेत. पण जन्मापासूनच हृदयात दोष असलेल्यांसाठी एकही सापडला नाही, म्हणून हा काढते.

लेक चौदा वर्षांची आहे. ट्रायकस्पिड अट्रेझिया, म्हणजे उजव्या बाजूची झडप तयारच झाली नाही आणि तो कप्पाही खुरटलेला राहिला. टप्प्याटप्प्याने ऑपरेशनं झाली, शेवटचं फॉन्टानचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शरीरातून परत येणारं अशुद्ध रक्त हृदयात न नेता थेट फुप्फुसांच्या नळीला जोडून देतात. फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉ. फ्रान्सिस फॉन्टान यांनी ही पद्धत १९७१ साली प्रसिद्ध केली. त्यामुळे फुप्फुसांकडे रक्त ढकलणारा पंप हिच्याकडे नाहीच. एकच कप्पा सगळ्या शरीराला रक्त पुरवतो, फुप्फुसांत रक्त आपलं आपण जातं.

आम्ही धुळे जिल्ह्यात, हॉस्पिटल मुंबईत. मागच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "आता हिला व्यायाम करू द्या, झेपेल तेवढा." हे ऐकून मी बाहेर आले आणि बसस्टँडपर्यंत विचार करत राहिले की झेपेल तेवढा म्हणजे किती? इतकी वर्षं घरात एकच मंत्र होता, पळू नको. शाळेत पीटीच्या तासाला ती बाकावर बसून बाकीच्यांच्या बाटल्या सांभाळते.

माझ्या चुलतबहिणीने अमेरिकेहून एक घड्याळ आणि त्याचं ॲप पाठवलं. त्यात वय टाकलं की ते सांगतं, तुझे जास्तीत जास्त ठोके २०६, जोरदार व्यायामात १७५ गाठ. पोरगी जिद्दी, गाठायला बघते आणि पांढरीफटक पडते. तर प्रश्न दोन. असं ॲप अशा मुलांना चालतं का? आणि या मुलांसाठीच बनवलेलं, दुसऱ्या बाजूला कोणी माणूस बसलेला असेल असं काही असतं का?

कृपया "देवावर भरवसा ठेवा" लिहू नका. तो आहेच.

---

बग_सापडला

ताई, आधी ते १७५ चं टार्गेट आजच्या आज बंद करा. सेटिंगमध्ये हार्ट रेट झोन हाताने बदलता येतात, नाही आले तर सूचना तरी बंद करा.

मी फिटनेसची ॲप बनवणाऱ्या कंपनीत काम केलंय, म्हणून आतली गोष्ट सांगतो. २२० वजा वय, एवढंच सूत्र. २२० वजा १४ म्हणजे २०६, त्याचे ८५ टक्के १७५. यामागे कुठलीही हुशारी नाही, ॲपवाले कितीही "पर्सनलाइज्ड" म्हणू देत. निरोगी माणसांतही ते दहा-पंधरा ठोक्यांनी सहज चुकतं.

तुमच्या लेकीची ट्रेडमिल किंवा सायकलवरची तोंडाला मास्क लावून करतात ती चाचणी झाली आहे का? झाली असेल तर त्यात सर्वांत जास्त ठोके किती गेले ते बघा.

---

शेवंती

हो, गेल्या वर्षी झाली. सायकलवर, मास्क लावून. रिपोर्टमध्ये जास्तीत जास्त १६५ लिहिलंय. म्हणजे ॲप जे गाठायला सांगतंय ते तिच्या हृदयाला शक्यच नाही?

---

बग_सापडला

शक्यच नाही. आणि गंमत पुढे आहे. ॲपच्या हिशेबात २०६ च्या ७० टक्के म्हणजे १४४ हा "मध्यम" व्यायाम. पण तिच्या १६५ मध्ये १४४ म्हणजे ८७ टक्के. ॲप ज्याला हिरव्या पट्ट्यात दाखवतंय तिथे पोरगी जवळजवळ जीव तोडून चालते आहे. गंमत म्हणालो खरं, पण ही गंमत नाही.

---

फिजिओ_कोथरूड

धागा योग्य वेळी काढलात. मी फिजिओथेरपिस्ट आहे, कार्डिओ-रेस्पिरेटरी शाखेची. इथे कोणालाही व्यायाम लिहून देणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच. पण समज तरी स्पष्ट करते.

बग_सापडला यांचं बरोबर आहे. जन्मजात हृदयदोषात व्यायामाबरोबर ठोके पुरेसे न वाढणं फार वेळा दिसतं. कारणं वेगवेगळी. ऑपरेशनात हृदयाच्या नैसर्गिक पेसमेकरजवळ टाके पडलेले असतात, काहींना प्रोप्रॅनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल (ठोके मंद करणाऱ्या गोळ्या) चालू असतं, काहींना पेसमेकरच बसवलेला असतो. फॉन्टानमध्ये तर हृदयात परतणारं रक्तच कमी पडतं. अशा माणसाला वयावरून ठोके ठरवून देणं म्हणजे पाय मोडलेल्याला शर्यतीची वेळ लावून देण्यासारखं आहे.

मग मोजायचं कसं? बोर्ग स्केल. ६ ते २० आकडे, ६ म्हणजे काहीच श्रम नाही, २० म्हणजे यापुढे एक पाऊल नाही. बहुतेकांची सुरुवात ११ ते १३ च्या दरम्यान, "थोडं जड जातंय" इथपर्यंत. मुलांना मी आकडे सांगत नाही. बोलायला सांगते. चालताना मैत्रिणीशी पूर्ण वाक्यात बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, त्याच वेगावर राहायचं. बोलताना दोन-दोन शब्दांवर श्वास तुटायला लागला की वेग कमी.

दुसरं, कोणता दोष हे नाव पुरेसं नसतं. एकाच नावाची दोन मुलं, एक फुटबॉल खेळेल आणि एकाला जिना चढताना बघावं लागेल. युरोपातल्या तज्ज्ञांनी यासाठी जी पद्धत बसवली आहे ती मला सगळ्यात पटते. नावाऐवजी पाच गोष्टी बघतात: कप्पे किती जोमाने आकुंचन पावतात, फुप्फुसांतला दाब, महाधमनी फुगली आहे का, ठोक्यांची लय बिघडते का, आणि आराम करताना नि श्रम करताना ऑक्सिजन किती राहतो. हे बघून झाल्यावर मग श्रमचाचणी, त्यानंतर प्रिस्क्रिप्शन. ॲप यातलं एकही विचारत नसेल तर ते तुमच्या मुलीसाठी नाही, ते कुठल्या तरी जिमच्या गिऱ्हाइकासाठी आहे.

---

तात्या_निवृत्त

आमच्या काळी ही मुलं जगत नसत, आता जगतायत हेच मोठं. उगाच व्यायामाच्या नादी लावून धोका कशाला? अर्जुनारिष्ट द्या, सकाळी कोवळ्या उन्हात बसवा.

---

फिजिओ_कोथरूड

तात्या, तुम्ही काळजीने लिहिताय हे कळतं. पण फॉन्टान झालेल्या बऱ्याच मुलांना रक्त पातळ ठेवणारी गोळी असते. वॉर्फरिन किंवा ऍसिट्रोम चालू असताना कुठलाही काढा-अरिष्ट हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, हलतो, मग एकतर गाठ नाहीतर रक्तस्राव.

आणि बसवून ठेवण्यालाही धोका आहेच. स्नायू झिजतात, वजन वाढतं, मूल घाबरट होतं. २०२० मध्ये कॉक्रेन या संशोधनाची छाननी करणाऱ्या संस्थेने जगभरातले १५ प्रयोग एकत्र तपासले, ९२४ जण, निम्म्याहून थोडी जास्त मुलं, बाकी मोठी माणसं. व्यायामाने दमछाक सोसण्याची ताकद थोडी वाढते असं निघालं, फार मोठी नाही पण वाढते. आणि ज्या अभ्यासांनी त्रासाची नोंद ठेवली त्यांत व्यायामामुळे गंभीर काही घडल्याची किंवा मृत्यूची एकही नोंद नाही. एक मात्र लक्षात ठेवा, हे सगळे आधी तपासून, निवडून घेतलेले लोक होते. मैदानात सरसकट सोडलेले नव्हते.

---

कुडाळकर

वाचतोय पहिल्यापासून. आता लिहितोच.

मी स्वतः फॅलोचा, टेट्रालॉजीवाला, म्हणजे जन्मजात चार दोष एकत्र असलेल्या हृदयाचा. लहानपणी खेळता खेळता निळा पडायचो आणि उकिडवा बसायचो. आजी म्हणायची, पोराक दमच नाय. पुढे कळलं की उकिडवं बसल्याने पायांतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, शरीरातला दाब वाढतो आणि जास्त रक्त फुप्फुसांकडे वळतं. अशी बरीच निळी पोरं हे न शिकवता करतात. सातव्या वर्षी ऑपरेशन झालं. आता चाळिशीला टेकलोय, मध्ये फुप्फुसाची झडप बदलून झाली.

झडप बदलल्यावर फोनवरून व्यायाम करून घेणाऱ्या एका कार्यक्रमात नाव घातलं. नाव सांगत नाही. मूळचा तो अँजिओप्लास्टी-बायपासवाल्यांसाठी. पहिल्याच अर्जात विचारलं: किती ब्लॉकेज? शून्य लिहिलं. कोलेस्टेरॉल? नॉर्मल. सिगारेट? नाही. मग ॲप म्हणतं, अभिनंदन, तुम्ही कमी जोखमीच्या गटात आहात. छातीवर उभी सहा इंचाची शिवण आणि मी कमी जोखमीचा! तिथे "जन्मजात" असा पर्यायच नव्हता. "इतर" वर टिचकी मारली तर फक्त मधुमेह आणि थायरॉइड.

तरीही सोडला नाही, कारण पलीकडे एक फिजिओ मुलगी होती. आठवड्याला एक व्हिडिओ कॉल. तिने माझी फाइल मागवली, माझ्या डॉक्टरांना स्वतः फोन केला आणि अर्जातले सगळे आकडे बाजूला ठेवून नवीन कागद केला. पहिल्या दिवशी तिने मला खुर्चीवरून उठ-बस करायला लावलं, हात छातीवर बांधून, एक मिनिट, आणि स्क्रीनवर मोजत बसली. मला हसू आलं, म्हटलं हा काय व्यायाम. चाळिसाव्या सेकंदाला हसू गेलं.

मग काही महिन्यांनी कंपनीने ती सेवा बंद करून "एआय कोच" आणला. तो रोज सकाळी सातला लिहायचा: "तुमची कालची पावलं कमी पडली, चला उठा!" पावसाळ्यात, आमच्याकडे, सकाळी सातला. महिन्याभरात ॲप काढून टाकलं. व्यायाम मात्र चालू आहे, कारण त्या मुलीने शिकवलेलं अंगात बसलंय.

---

बग_सापडला

हे "ब्लॉकेज किती" प्रकरण अगदी ओळखीचं. कोणीतरी स्प्रेडशीटमध्ये धमनीवाल्या रुग्णांची यादी दिली, डेव्हलपरने तीच कोडमध्ये उतरवली. जन्मजातवाले बाजार म्हणून छोटे, म्हणून स्प्रेडशीटमध्ये नाहीत.

---

उत्तरध्रुव

मी कोपनहेगनला असतो, त्यामुळे इथली एक गोष्ट सांगायला हवी. डेन्मार्कमध्ये याच विषयावर चांगला मोठा प्रयोग झालाय, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. गुंतागुंतीचा दोष दुरुस्त झालेली १३ ते १६ वयाची १५८ मुलं. निम्म्यांना वर्षभर, म्हणजे ५२ आठवडे, फोन आणि इंटरनेटवरून व्यायामासाठी प्रोत्साहन. प्रत्येकाला त्याच्या आवडीची उद्दिष्टं, संदेश, सगळं नीट. दोन्ही गटांना आरोग्यशिक्षण आणि सल्ला सारखाच दिला होता.

वर्षाअखेरीस श्रमचाचणी केली तर दोन्ही गटांत फरक नाही. रोजच्या हालचालीतही नाही.

हे मी निराश करायला लिहीत नाही. पण "ॲप लावलं की झालं" या समजुतीला डेन्मार्कसारख्या देशातही आधार मिळाला नाही, जिथे प्रत्येक मुलाच्या हातात फोन आहे आणि प्रत्येक गल्लीला सायकलचा रस्ता. म्युनिकच्या हृदय केंद्रानेही अलीकडे मुलांसाठी वेबवरचे व्यायामवर्ग २४ आठवडे चालवले, आठवड्यातून ३ वेळा, २० मिनिटांचे. तिथेही तंदुरुस्तीत म्हणावी तशी भर पडली नाही.

---

शेवंती

बापरे. मग मी कशाला खटपट करतेय?

---

फिजिओ_कोथरूड

थांबा शेवंतीताई, यातून तो अर्थ काढू नका.

त्यांच्याच शेजारच्या स्वीडनमध्ये उमेओच्या मंडळींनी गुंतागुंतीचा दोष असलेल्या मोठ्या माणसांना घरी सायकल दिली. १२ आठवडे, आठवड्यातून ३ वेळा, थोडा वेळ जोर मग थोडा वेळ हलकं, असं आलटून पालटून. जोर किती लावायचा हे प्रत्येकाच्या चाचणीवरून ठरवलेलं. त्या लोकांची दम टिकवण्याची ताकद वाढली. बॉस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलात २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग: १६ मुलं, १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा एक तास, समोर शिकवणारे. १६ पैकी १५ मुलांत सुधारणा. त्यात दोरउड्या, नाच, खेळ, बक्षिसं असं सगळं होतं.

आता फरक बघा. डेन्मार्कमध्ये मुलांना "करा, करा" असं सांगितलं जात होतं. स्वीडनमध्ये "हे, इतकं, या जोरावर, इतके दिवस" असं सांगितलं. म्युनिकचा कार्यक्रम ठरलेला होता, पण सौम्य, आणि व्हिडिओ लावून मूल आपलं आपण. माझं मत विचाराल तर प्रोत्साहन आणि प्रिस्क्रिप्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲपवाले पहिली विकतात आणि तिला दुसरीचं नाव देतात.

दूरवरून व्यायाम हा प्रकार मी फेकून देत नाही. धुळ्याहून मुंबईला आठवड्यातून दोनदा कोणी येणार आहे का? स्टॅनफर्डच्या लोकांनी फॉन्टानच्याच मुलांसाठी थेट व्हिडिओवर वर्ग घेतले, प्रशिक्षक समोर, मुलं आपापल्या घरी. फ्रान्समध्ये थोडी सत्रं केंद्रात आणि बाकी घरी असा मिश्र कार्यक्रम करून बघितला. पलीकडे कोणी बघणारं असेल तर स्क्रीन मध्ये असल्याने बिघडत नाही, हे मी कोविडच्या काळात रोज पाहिलं.

---

उत्तरध्रुव

मान्य. "प्रोत्साहन वेगळं, प्रिस्क्रिप्शन वेगळं" पटलं. फक्त एक, बॉस्टनची १६ मुलं म्हणजे फार छोटा आकडा, आणि तुलनेला चिठ्ठ्या टाकून निवडलेला गट नव्हता.

---

फिजिओ_कोथरूड

हो, छोटाच. या क्षेत्रात सगळेच आकडे छोटे, कारण एकेका दोषाचे रुग्ण विखुरलेले.

---

सिडनीची_सून

मी इथे हॉस्पिटलात नर्स आहे, हृदयविभागातच. शेवंतीताईंसाठी खास, कारण फॉन्टान म्हटलं की सिडनीचं नाव येतंच.

फॉन्टानमध्ये फुप्फुसांकडे ढकलणारा पंप नाही असं तुम्ही लिहिलंत. अगदी बरोबर. मग रक्त वर कोण ढकलतं? पोटऱ्या आणि मांड्या. आणि श्वास, कारण श्वास आत घेताना छातीत जागा होते आणि रक्त ओढलं जातं. इथल्या गटाने २०१३ मध्ये मोजक्याच प्रौढ रुग्णांवर २० आठवडे वजनांचा व्यायाम करून पाहिला, भर पायांवर. स्नायू वाढले, हृदयातून बाहेर पडणारं रक्त वाढलं, श्रम सोसायची ताकद वाढली. नंतर व्यायाम बंद केल्यावर फायदा ओसरत गेला.

त्यामुळे तुमच्या लेकीला घड्याळात ठोके मोजत पळवण्यापेक्षा पायांची ताकद हा विषय तिच्या डॉक्टरांकडे नक्की काढा. भिंतीला धरून टाचा उचलणं, खुर्चीवरून उठणं, पायऱ्या. एक इशारा: दम कोंडून जोर लावायचा नाही. श्वास रोखून कण्हत वजन उचललं की छातीतला दाब वाढतो आणि फॉन्टानच्या नळीतला प्रवाह अडतो. उचलताना श्वास सोडायचा, मोठ्याने मोजायचं, मोजता मोजता श्वास रोखता येतच नाही.

---

मोगरा_आणि_मी

मग सूर्यनमस्कार? प्राणायाम? आमच्या भाचीचं व्हीएसडी (हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याचं भोक) लहानपणी बंद केलंय, योगाच्या क्लासला घालायचं म्हणतायत.

---

फिजिओ_कोथरूड

भाचीचं भोक पूर्ण बंद असेल, फुप्फुसांतला दाब आणि इको नॉर्मल असेल, तर बहुतेकदा ती सगळ्यांसारखीच. डॉक्टरांचा एक होकार घ्या आणि मोकळं सोडा, सूर्यनमस्कारच काय, खो-खो सुद्धा. अशा मुलांना विनाकारण जपणं हा आपल्याकडचा मोठा आजार आहे.

फॉन्टानवाल्यांना सूर्यनमस्कार संथ, श्वास चालू ठेवून. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, नको. महाधमनी फुगलेली असेल त्यांना जड वजन आणि जोर काढणं नको. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर कबड्डी, कुस्ती, मल्लखांब नको, मार आणि पडणं दोन्ही आहे. पेसमेकर असेल तर त्या जागेवर धक्का बसेल असे खेळ टाळायचे. आयसेनमेंगर म्हणजे फुप्फुसांतला दाब कायमचा वाढलेला, त्यांचा हिशेब वेगळाच, ते इथे लिहिण्याने भागणार नाही.

आणि कोणालाही, व्यायाम करताना चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, अचानक धडधड सुरू होऊन न थांबणं, ओठ नेहमीपेक्षा काळेनिळे होणं: तिथे थांबायचं. पडलं आणि शुद्ध नाही, श्वास नीट नाही, तर १०८ लावा आणि छाती दाबायला सुरुवात करा. व्हिडिओवर व्यायाम करताना घरात दुसरं मोठं माणूस हवं, ही माझी अट असते. पत्ता आणि शेजाऱ्यांचा नंबर मी पहिल्या कॉललाच लिहून घेते. ॲप पडलेल्याला उचलत नाही.

---

शेवंती

सिडनीच्या ताई, तुमचं वाचून लेकीला दाखवलं. तिचा प्रश्न: "म्हणजे माझ्या पोटऱ्या माझं हृदय आहेत?" मी म्हटलं अर्धं. तिने लगेच घड्याळ काढून धाकट्याला दिलं, आणि टाचा उचलून झाल्यावरच जेवायला बसली. डॉक्टरांना विचारायचं आहे अजून, मी ओरडले, ऐकत नाही.

घड्याळ ऑक्सिजनही दाखवतं. कधी ९१, कधी ८४, मध्येच ९७. काय समजायचं?

---

बग_सापडला

व्यायाम चालू असताना मनगटावरचा ऑक्सिजन काहीही धरू नका. घड्याळ लाल नि डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश कातडीत सोडतं आणि परत किती आला ते मोजतं. हात हलला, पट्टा सैल झाला, हात गार पडले की आकडा भरकटतो. ठोके अनियमित असतील तर ठोक्यांचाही भरवसा नाही. ठोके हवेच असतील तर छातीला बांधायचा पट्टा, तो विजेचे संकेत टिपतो.

---

सिडनीची_सून

आणि फॉन्टानमध्ये ९८ ची अपेक्षाच ठेवू नका. साधारण नव्वदीच्या सुरुवातीला असतो, काहींना फॉन्टानच्या नळीतून हृदयात मुद्दाम बारीक खिडकी (भोक) ठेवलेली असते त्यांचा आणखी कमी. तिचा नेहमीचा आकडा किती हे डॉक्टरांकडून घ्या. बोटाच्या मशीनवर, बसून, हात गरम करून, आकडा स्थिर झाल्यावर बघायचा. नेहमीपेक्षा बराच खाली आणि तसाच राहिला तर फोन करा.

---

कुडाळकर

मुलांची माहिती कुठे जाते हेही बघा ताई. माझी इको-रिपोर्टं त्या कंपनीकडे होती. सेवा बंद झाल्यावर काढून टाका म्हणून दोनदा मेल केला, उत्तर आलं ते नव्या पॅकेजची सवलत. आता २०२३ चा डिजिटल माहिती संरक्षण कायदा झालाय, मुलांच्या बाबतीत आईवडिलांची संमती लागते असं त्यात आहे. सही करताना वाचा.

---

पीटीचे_सर

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. हा धागा वाचून थोडं टोचलं. दोन वर्षांमागे आमच्याकडे असाच एक मुलगा होता. पालकांनी सर्टिफिकेट दिलं: "हृदयविकार. खेळांतून सूट द्यावी." एवढंच. मी काय करणार? सूट दिली. सर्टिफिकेटवर "हे चालेल" असं काही लिहून आलं असतं तर लेझीमच्या पथकात घेतला असता, मागच्या रांगेत, दमला की थांबायच्या परवानगीने. पण लिहिलेलं नसताना मी जबाबदारी घेऊ शकत नाही, उद्या काही झालं तर पहिला फोन मला.

---

फिजिओ_कोथरूड

सर, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. शेवंतीताई, पुढच्या तपासणीला ॲपची चौकशी करण्याआधी हे पत्र मागून घ्या. मी माझ्या मुलांच्या डॉक्टरांकडून साधारण असं लिहून घेते, बदल तुमच्या डॉक्टरांनी करायचे:

"कु. ____ हिला जन्मजात हृदयदोष असून शस्त्रक्रिया झालेली आहे. तिने पीटीच्या तासात सहभागी व्हावे. चालणे, हलके धावणे, लेझीम, कवायत, बॅडमिंटन चालेल. तिला हवे तेव्हा, न विचारता थांबण्याची आणि पाणी पिण्याची मुभा द्यावी. वेळ लावून शर्यत, धक्काबुक्कीचे खेळ व श्वास रोखून जोर लावणे टाळावे. चक्कर, छातीत दुखणे वा ओठ निळे पडणे दिसल्यास थांबवून पालकांना कळवावे. बेशुद्ध पडल्यास १०८."

त्याच भेटीत तिच्या चाचणीतले १६५ दाखवून विचारा: किती ठोक्यांपर्यंत किंवा बोर्गच्या कितीपर्यंत जाऊ द्यायचं, आठवड्यातून किती दिवस, पायांचे व्यायाम चालतील का, पुढची श्रमचाचणी कधी. उत्तर कागदावर घ्या. तो कागद हातात असेल तर धुळ्यातलीच एखादी फिजिओ व्हिडिओवर किंवा समोर हे करून घेऊ शकेल, मी तिच्याशी बोलायला तयार आहे. व्यक्तिगत निरोप टाका.

---

पीटीचे_सर

पत्र उतरवून घेतलं. "न विचारता थांबण्याची मुभा" हे वाक्य ठळक अक्षरात छापा, नाहीतर बदली शिक्षक आला की पोरगं हात वर करून उभं राहतं.

---

शेवंती

तपासणी पुढच्या महिन्यात आहे. पत्राची प्रिंट काढली, सरांचं वाक्य ठळक केलं. फिजिओताई, निरोप टाकलाय. डॉक्टर काय म्हणतात ते इथेच लिहीन, तोवर टाचा उचलणं थांबवायला सांगितलंय, ते ती कितपत ऐकेल माहीत नाही.